नाटकात नव्याने येताय? आपला बांध आपण कसा राखायचा

मी मिरजेजवळच्या एका गावची. आमच्याकडे शेताच्या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: बांध कोरला. शेजारी काही एका रात्रीत तुमची जमीन घेत नाही. दर नांगरटीला नांगराची एक ओळ बांधात घालतो. पाच-सात वर्षांनी मोजणी होते तेव्हा कळतं की दोन गुंठे गेले, आणि आपण रोज त्याच बांधावरून चाललो तरी आपल्याला दिसलं नाही.

नाटकात माझं नेमकं असंच झालं. आधी तालमीनंतर अर्धा तास जास्त थांबले. मग जेवण मागे पडलं. मग आठवड्याची सुट्टी गेली. दौऱ्यावर दोघींच्या खोलीत तिसरी आली. आणि एक दिवस माझ्या घरातलं अगदी आतलं दुःख मी चौदा माणसांसमोर सांगून मोकळी झाले. प्रत्येक वेळी मनात एकच यायचं, एवढ्याशा गोष्टीला काय नाही म्हणायचं? पुढे वर्षभर झोप नव्हती.

एकांकिका स्पर्धांमधून वर येऊन पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक नाटकात किंवा मालिकेत ज्यांना पहिलं काम मिळालंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी बारा वर्षं हे काम करते आहे. ‘मर्यादा’ हा शब्द मी मुद्दाम टाळणार आहे, कारण आपल्याकडे तो मुलींना गप्प करण्यासाठी इतका वापरलाय की त्यातून दुसरा अर्थच निघत नाही. मी हद्द म्हणेन, बांध म्हणेन.

आधी जवळ काय काय हवं

- तारखांची एक साधी वही. कधी तालीम, किती वाजता सुरू, किती वाजता सुटली, किती नाईट (म्हणजे एका प्रयोगाचं मानधन) मिळाली, कुणी काय कबूल केलं. फोनमध्ये चालेल, पण फोन हरवतो.
- कराराची प्रत. करार नसेल तर ठरलेल्या गोष्टींचा लेखी निरोप.
- आधार, पॅन आणि बँक खात्याचे तपशील. लॉजवर ओळखपत्र लागतंच.
- कुठल्याही गावाहून एकटं घरी परतता येईल एवढे पैसे, वेगळे ठेवलेले. याला हात लावायचा नाही.
- दाराला आतून लावायची लाकडी पाचर. छोट्या लॉजच्या कड्यांचा भरवसा नसतो.
- खोबरेल तेल, स्वतःचा टॉवेल, पाण्याची बाटली, चिवडा-लाडूचा डबा.
- झाकण घट्ट बसणारा एक स्टीलचा छोटा डबा. तो कशाला, ते पायरी ४ मध्ये सांगते.
- नाटकाबाहेरचा एक माणूस. भाऊ, मैत्रीण, शाळेतल्या बाई, कुणीही. ज्याला तुमच्या दिग्दर्शकाचं नावही माहीत नसेल तर उत्तम.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांच्याशी दिवसाचे बारा तास काम करता त्यांच्याशीच मैत्री, त्यांच्याशीच भांडण आणि त्यांच्यापाशीच रडणं, असं झालं की बाहेरून बघणारी नजरच राहत नाही.

पायरी १: होकार देण्याआधी विचारा

पहिलं काम मिळालं की आपण इतके हुरळून जातो की संहिता न वाचताच हो म्हणतो. मीही म्हटलं होतं. तुम्ही पूर्ण संहिता मागा. फक्त आपले प्रवेश वाचू नका. मग शांतपणे विचारा:

तालमी किती दिवस आणि किती तास? तालमीचे पैसे आहेत का? नाईट किती, आणि पाकीट प्रयोगानंतर लगेच की महिन्याने? महिन्याला साधारण किती प्रयोग धरलेत? दौऱ्यावर खोलीत किती जण? भूमिकेत मारहाण, शिवीगाळ, जवळीक, कपडे बदलणं, आत्महत्येचा किंवा अत्याचाराचा प्रसंग आहे का? आजारी पडले तर रिप्लेसमेंटची काय सोय?

हे विचारणं उद्धटपणा वाटतो, कारण आपण कलेसाठी आलोत ना, मग पैशांचं काय बोलायचं! अशा वेळी तमाशाच्या फडांकडे बघा. दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे लोक यात्रेची सुपारी ठरवायला तिथे येऊन बसतात. तारीख आणि रक्कम समोरासमोर बोलून पक्की होते. फडातला कलावंत आपल्यापेक्षा काकणभरही कमी कलावंत नाही. रोखठोक बोलून घेतल्यावरच तो रात्रभर जीव ओतून नाचतो-गातो.

तोंडी ठरलं की त्याच दिवशी निरोप पाठवा. माझा मजकूर साधारण असा असतो:

“दादा, आज बोलल्याप्रमाणे: तालीम रोज ४ ते ९, सोमवारी सुट्टी. नाईट ठरल्याप्रमाणे, प्रयोग संपल्यावर. दौऱ्यावर दोघींत एक खोली. यात काही बदल असेल तर कळवा. मी उद्यापासून आहेच.”

यात तक्रार कुठेच नाही, त्यामुळे कुणी दुखावत नाही. आणि सहा महिन्यांनी “असं ठरलंच नव्हतं” म्हणायची कुणाची सोय राहत नाही.

सापळा: “आपलं घरचंच नाटक आहे गं, कागद कशाला?” हे वाक्य बहुतेक वेळा मनापासून म्हटलेलं असतं. म्हणणारी माणसंही प्रेमळ असतात. तरी निरोप पाठवाच. घरात वाटण्या कशा होतात हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

पायरी २: तालमीत स्वतःच्या घराचं दार कुठवर उघडायचं

इथे मी जरा थांबणार आहे. माझं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं.

नाटकात माझी भूमिका मूल गमावलेल्या बाईची होती. तालमीचा तिसरा आठवडा, दुसऱ्या अंकातला प्रवेश काही केल्या उभा राहत नव्हता. दोन वर्षांपूर्वी माझे बाबा गेले होते, दिग्दर्शकांना ते ठाऊक होतं. त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि मला म्हणाले, “दवाखान्यात त्या रात्री काय झालं ते सांग. सगळं सांग.” मी सांगितलं. व्हरांड्यातली हिरवी फरशी, स्ट्रेचरचं किंचाळणारं चाक, नर्सने माझ्या हातात ठेवलेलं बाबांचं घड्याळ. सगळे रडले. लगेच प्रवेश घेतला आणि तो असा झाला की कुणाला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

मग ते दर प्रयोगाला करायचं होतं. विंगेत उभी राहून मी दर वेळी त्या व्हरांड्यात जायचे. चाळीसेक प्रयोगांनंतर एका रात्री माझ्या लक्षात आलं की बाबांचं हसणं मला आठवत नाहीये. ते सायकलवरून यायचे ते आठवत नाही, मला ओरडायचे तो आवाज आठवत नाही. फरशी, चाक, घड्याळ एवढंच उरलं होतं. सारखं सारखं काढून वापरल्याने ती एकच रात्र ठळक झाली आणि बाकीचे बाबा पुसट झाले.

मी त्या दिग्दर्शकांना दुष्ट म्हणत नाही. त्यांना जे शिकवलं गेलं तेच त्यांनी केलं. पण ही पद्धत म्हणजेच खरा अभिनय, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्वतःच्या आठवणीतून भावना आणायची रीत ज्या रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कींच्या नावाने सांगितली जाते, ते स्वतः अखेरच्या वर्षांत शारीरिक क्रियांवर भर द्यायला लागले होते. पात्र नेमकं काय करतंय, हाताने काय उचलतंय, कशासाठी धडपडतंय, तिथून भावनेकडे जायचं. आणि आपल्याकडे नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. देह, वाणी, वेश ही तीन दारं उघडी असताना काळजाचं दार फोडूनच आत शिरायची गरज नसते.

म्हणून माझा आताचा नियम: जे दुःख अजून ओलं आहे ते तालमीत आणायचं नाही. ज्या आठवणीबद्दल मी जेवता जेवता साध्या आवाजात बोलू शकते, तीच वापरायची. आणि वापरली तरी ती काय आहे हे कुणाला सांगायचं नाही. दिग्दर्शकाला परिणाम हवा असतो, त्यामागचा तपशील तुमचा.

नाही कसं म्हणायचं? आपल्याकडे प्रयोगाआधी ज्येष्ठांच्या पाया पडायची रीत आहे. ती मला आवडते, मी आजही पडते. पण ज्यांच्या पाया पडतो त्यांना नाही म्हणताना जीभ अडखळते. त्यामुळे वाक्यं आधीच घोकून ठेवा:

“सर, ते माझ्यासाठी अजून ताजं आहे. मी हे वेगळ्या रस्त्याने आणते, मला दोन तालमी द्या.”

“हे सगळ्यांसमोर नको. तुमच्याशी पाच मिनिटं एकटीने बोलू का?”

“आज इथवरच जमतंय. उद्या पुन्हा घेऊ.”

दोन तालमी मागितल्या की त्या खरंच कष्टाने वापरा. मी पुढे तोच प्रवेश बाळाच्या दुपट्याच्या घडीवर बांधला. दुपटं तीनदा घडी करायचं, तिसऱ्यांदा कडा जुळत नाहीत, श्वास अर्धा घ्यायचा आणि वाक्य त्या अर्ध्या श्वासावर बोलायचं. प्रेक्षकांना फरक कळला नाही. मी मात्र घरी जाऊन वरणभात खाऊन झोपू लागले.

कडक दिग्दर्शन आणि अपमान यांतला फरकही ओळखा. “तुझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही, पुन्हा घे” हे दहा वेळा ऐकावं लागलं तरी ते काम आहे. “तुझ्या आईबापांनी तुला काय म्हणून वाढवलं” हे एकदाही काम नाही.

पायरी ३: स्पर्श, थप्पड, जवळीक

नियम सोपा आहे: जे ठरलं नाही ते रंगमंचावर घडायचं नाही. नाचाच्या स्टेप्स बसवतात तसा प्रत्येक स्पर्श बसवून घ्या. हात कुठे, किती वेळ, कोणत्या वाक्यावर सुटतो. थप्पड असेल तर अंतर, कोन, आवाज कोण काढणार. “रंगात आल्यावर आपोआप होईल” असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा.

हे करून घ्या:

- बसवताना तिसरी व्यक्ती हजर असू द्या. मुंबईत चित्रपट आणि वेब मालिकांच्या सेटवर आता इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीचे प्रसंग नीट बसवून देणारी माणसं, असतात. नाटकात ती सोय क्वचित. मग सहायक दिग्दर्शक किंवा संचातली एखादी ताई चालेल.
- प्रत्येक प्रयोगाआधी, पहिल्या घंटेच्याही आधी, मारामारीचा आणि जवळिकीचा भाग सावकाश एकदा करून बघा. पाच मिनिटं लागतात. नवा नट आला असेल, रंगमंच बदलला असेल, तर हे टाळूच नका.
- सहकलाकाराला सांगा, “माझ्या मानेला हात नको, खांदा चालेल.” आणि त्यालाही विचारा. मुलांना कुणी विचारतच नाही, आणि मार खायची कामं बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात.

प्रयोगात कुणी ठरल्याबाहेर गेलं तर त्या क्षणी प्रवेश निभावून न्या, पण त्याच रात्री व्यवस्थापकांना सांगा आणि वहीत लिहा. दुसऱ्यांदा झालं तर तोंडी सांगू नका, लेखी कळवा.

पायरी ४: भूमिका अंगावरून उतरवणं

ही पायरी मला कुठल्याही कार्यशाळेत शिकायला मिळाली नाही. आमच्या नाटकात कपडेपट सांभाळणाऱ्या एक मावशी होत्या. माझ्या पात्राच्या हातात अकरा हिरव्या बांगड्या असायच्या, एका हातात पाच, दुसऱ्यात सहा. पहिले काही प्रयोग मी त्या तशाच घालून बसमध्ये चढायचे, खोलीवर जाऊन काढायचे. मावशींनी एकदा बघितलं आणि स्टीलचा एक डबा आणून माझ्यासमोर ठेवला. “तिच्या बांगड्या घालून तू का निजतेस? इथंच काढ. मोजून ठेव बाई.”

तेव्हा मला वाटलं, बांगड्या हरवतील म्हणून म्हणतायत. पण एकेक बांगडी काढताना आकडा मोजायचा, डब्यात ती वाजायची, अकरावी ठेवली की झाकण लावायचं. महिनाभरात माझ्या देहालाच ते कळायला लागलं. झाकण बसल्याचा आवाज आला की खांदे खाली यायचे.

आज मी प्रत्येक भूमिकेसाठी असं काहीतरी ठरवते. बांगड्या नसतील तर चष्मा, चपला, पदराची पिन. माझा क्रम असा आहे:

१. शेवटचा नमस्कार झाला की सरळ मेकअप रूममध्ये. कुणी भेटायला आलं असेल तर निरोप द्यायचा, “दहा मिनिटांत येते.” प्रेक्षक आत येऊन भेटतात हे आपल्या रंगभूमीचं वैभव आहे, पण त्यांना भेटायला पात्र गेलं तर तुम्ही पुन्हा एक प्रवेश करता.

२. पात्राची वस्तू डब्यात, मोजून.

३. कपडे बदलायचे. पात्राची साडी नेसून चहासुद्धा प्यायचा नाही.

४. खोबरेल तेलाने चेहरा सावकाश पुसायचा. घाई असली तरी हे दोन मिनिटं आरशात बघत करा, स्वतःचा चेहरा वर येताना दिसू द्या.

५. हातपाय ताणायचे, जोरात दोन-चार श्वास सोडायचे. रडण्याने छाती आखडलेली असते. मनाला नाटक कळतं, देहाला कळत नाही. धडधड खरीच झालेली असते.

६. स्वतःचं नाव घेऊन उद्याच्या एका साध्या कामाबद्दल बोलायचं. “उद्या गॅस सिलिंडर लावायचाय.” सुरुवातीला विचित्र वाटेल. तरी करा.

सहकलाकारासोबत जर भांडणाचा, हिंसेचा प्रवेश असेल तर दोघांनी मिळून उतरवा. माझ्या नवऱ्याचं काम करणारा नट प्रयोग संपल्यावर मला पाण्याचा ग्लास आणून द्यायचा, एवढंच. पण तो ग्लास हातात आला की दोघांनाही कळायचं, भांडण संपलं.

मालिकेत हे अवघड जातं. तिथे दिवसभर तुकड्या-तुकड्यांत रडायचं, बारा-बारा तासांची शिफ्ट, आणि उद्या पुन्हा तेच पात्र. तिथे निदान पॅकअप झाल्यावर मंगळसूत्र आणि टिकली सेटवरच ठेवून गाडीत बसा.

पायरी ५: दौरा

थोडक्यात सांगते, कारण हे अनुभवानेच अंगवळणी पडतं.

झोप ही सगळ्यात आधी कोरली जाते. रात्री साडेबाराला नाटक सुटतं, जेवण दीडला, बस निघते दोनला. बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या, गप्पा, सगळं असतं आणि ते सुंदरही असतं. पण रोज त्यात बसलंच पाहिजे असं नाही. कानात बोळे, डोळ्यांवर ओढणी, “मी झोपते हं” एवढं म्हणा. दोन-तीनदा चेष्टा होते, मग सवय होते. रविवारी लागोपाठ दोन प्रयोग असतील तर मधल्या वेळात भेटीगाठी ठेवू नका. आवाज आणि मन दोघांनाही गप्प बसायला वेळ द्या.

प्रयोगानंतरच्या बैठकीत ग्लास हातात घेतलाच पाहिजे, असा दबाव येतो. “मी पीत नाही” याला कारण जोडू नका. कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते.

खोली ठरल्याप्रमाणे नसेल तर बॅग खोलीत ठेवण्याआधी बोला. एकदा बॅग ठेवली की तो होकार धरला जातो.

पायरी ६: पैसा

मनाच्या लेखात पैसा कशाला, असं वाटेल. पण मी पाहिलेले बहुतेक कोसळलेले नट आधी भाड्यापायी कोसळले. नाटकात पाकीट लवकर मिळतं, मालिकांत मात्र काम केल्यापासून ९० दिवसांनी पैसे यायची रूढ पद्धत आहे. म्हणजे पहिले तीन महिने तुम्ही राबणार आणि खात्यात शून्य. हे आधी माहीत असलं तर मुंबईत यायच्या आधीच तीन-चार महिन्यांची तजवीज करता येते. मानधनातून टीडीएस कापला जात असेल तर विवरणपत्र भरा, जास्तीचा कर परत मिळू शकतो. खिशात पुढच्या दोन महिन्यांचं भाडं असेल तर “नाही” म्हणताना आवाज कापत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

पायरी ७: प्रेक्षक आणि फोन

खाष्ट सासू किंवा कपटी जाऊ करणाऱ्या मुलींना लोक रस्त्यात शिव्या देतात, आणि “ही कामाची पावती” म्हणून हसून सोडायला शिकवलं जातं. समोर भेटलेल्या आजींचं ठीक आहे. फोनवर रात्री अकराला येणाऱ्या घाण निरोपांचं ठीक नाही. कामाचा नंबर वेगळा ठेवा. प्रतिक्रिया आठवड्यातून एकदाच वाचा, आणि शक्यतो दुसऱ्याला आधी वाचू द्या. धमकी असेल तर पुसू नका, स्क्रीनशॉट घेऊन मग ब्लॉक करा. कुणी पाठलाग करत असेल तर तो गुन्हा आहे. ११२ वर फोन करा, लाज त्याची आहे.

परीक्षण वाईट आलं तर ते प्रयोगाच्या दिवशी वाचायचं नाही. एवढा एक नियम पाळा.

पायरी ८: हद्द ओलांडली गेलीच तर

लैंगिक छळाबद्दलचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, तो फक्त ऑफिसात बसणाऱ्यांसाठी आहे असा समज आपल्या क्षेत्रात अजून आहे. तो चुकीचा आहे. कायद्यात कर्मचारी म्हणजे कायम, तात्पुरता, रोजंदारीवरचा, कंत्राटी, अगदी बिनपगारी काम करणाराही. आणि कामाची जागा म्हणजे कामासाठी जावं लागलेली कुठलीही जागा, निर्मात्याने दिलेली गाडी धरून. म्हणजे दौऱ्याची बससुद्धा.

काय करायचं:

- त्याच रात्री वहीत लिहा. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, आसपास कोण होतं. भावना नंतर लिहा, आधी घटना.
- नाटकाबाहेरच्या त्या एका माणसाला सांगा. निरोप किंवा ईमेल असेल तर त्यावर तारीख आपोआप राहते.
- दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. ती कुठे आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. लहान संस्था असेल किंवा तक्रार थेट मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.
- तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. अडचण योग्य वाटली तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते.
- समितीकडे गेलं म्हणून पोलिसांचा रस्ता बंद होत नाही. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे.

हा कायदा स्त्रियांच्या तक्रारींसाठी आहे. पुरुष कलाकारांवर असे प्रसंग येत नाहीत असं मी अजिबात म्हणणार नाही, मी पाहिलेत. त्यांनीही वहीत लिहिणं, निर्मात्याला लेखी कळवणं आणि गरज पडली तर पोलिसांकडे जाणं हे करायलाच हवं. कलाकार संघटनेचे सभासद असाल तर तिथेही लेखी द्या.

सापळा: “तक्रार केलीस तर नाटक बंद पडेल, बॅकस्टेजच्या मुलांच्या पोटावर पाय येईल.” हे ऐकून मी एकदा गप्प बसले. ते नाटक नंतर बुकिंग नाही म्हणून बंद पडलं, आणि माझं गप्प बसणं माझ्यापाशीच राहिलं.

पायरी ९: मन थकलंय की आजारी पडलंय?

शुभारंभानंतर दोन-चार दिवस रितं वाटणं, नाटक बंद झाल्यावर उदास वाटणं हे बहुतेकांना होतं. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, भूक गेली, प्रयोगाआधी श्वास कोंडायला लागला, घरच्यांवर पात्राच्या भाषेत ओरडायला लागलात, एरवी आवडणारं काही नकोसं झालं, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका.

टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पैसे नाहीत म्हणून थांबू नका: मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि जिल्हा रुग्णालयांतही ही सोय असते. बाह्यरुग्ण विभाग सकाळी असतो, आपले प्रयोग दुपारी-रात्री. ही एक गोष्ट आपल्या वेळापत्रकात नीट बसते. समुपदेशक बोलून मदत करतात, मानसोपचारतज्ज्ञ गरज असेल तर औषधही देतात. मला दोन्ही लागलं. औषधाने अभिनय बोथट होतो अशी भीती मला घातली गेली होती. माझ्या डॉक्टरांना मी ते स्पष्ट विचारलं, प्रयोगांच्या वेळा सांगितल्या, त्यांनी गोळीची वेळ त्याप्रमाणे ठरवून दिली. तुम्हीही विचारा. स्वतःच्या मनाने गोळी सुरू किंवा बंद करू नका.

आणि घरात मृत्यू झाला तर सुट्टी घ्या. सुतकात प्रयोग केल्याच्या गोष्टी आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. ज्यांनी ते स्वेच्छेने केलं त्यांना माझा नमस्कार. पण तुमच्याकडून त्याची अपेक्षा धरायचा हक्क कुणाला नाही.

पायरी १०: नाटक सोडायचं झालं तर

व्यावसायिक रंगभूमीवर रिप्लेसमेंट नवी नाही. गाजलेल्या नाटकांतही नट बदलत आलेत आणि नाटकं चालत आलीत. त्यामुळे तुमच्यावाचून नाटक कोसळेल, या धाकात राहू नका.

सोडताना आधी दिग्दर्शक आणि निर्मात्यांना एकत्र कळवा, एकाला आधी सांगून दुसऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नका. जाहीर झालेले प्रयोग शक्यतो पूर्ण करा. राहिलेल्या नाइटचा हिशोब वहीवरून लिहून द्या. मी पाठवलेला निरोप असा होता: “तब्येतीच्या कारणाने मला ही भूमिका थांबवावी लागतेय. जाहीर झालेले आठ प्रयोग मी करेन. नव्या मुलीच्या तालमींना चार दिवस येईन.” कोणती तब्येत, हे दोघांनी विचारलं. मी सांगितलं नाही.

मग त्या चार दिवसांत भूमिका नीट सोपवा. आमच्याकडे आलेली मुलगी बावीस वर्षांची होती, एकांकिकेतून नुकतीच आलेली, माझ्यासारखीच. दुसऱ्या अंकातल्या त्या प्रवेशाबद्दल तिने विचारलं, “ताई, तुम्ही तिथे काय आठवायचात?” मी तिला दुपट्याची घडी दाखवली. तिसऱ्या वेळी कडा जुळत नाहीत, तिथे श्वास अर्धा. तिने चार-पाच वेळा करून बघितलं, तिला जमलं.

शेवटच्या दिवशी डबा तिच्या हातात दिला. म्हटलं, अकरा आहेत, मोजून घे.